ओळ देणारा आवाज



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते आपले पेटीमास्तर. त्यांना याच नावानं सगळे ओळखायचे, म्हणून मीही तेच नाव घेतो. आजचा विषय संयोजकांनी मला विचारला, तेव्हा क्षणभरही विचार करावा लागला नाही. उपासनेत पुढे उभं राहून गाणाऱ्यानं मंडळीला गातं कसं करावं, हा विषय मी मास्तरांकडून शिकलो. तो त्यांच्याच नावानं मांडणं हे मी माझं कर्तव्य समजतो.

सुरुवात एका उत्तम शुक्रवारपासून करतो. मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. शास्त्रीय गाण्याची तालीम चालू होती आणि आवाज चांगला तापलेला होता. माझी पट्टी काळी दोन. त्या दिवशी दुःखसहनाचं एक गीत मला पुढे उभं राहून म्हणायचं होतं. त्याचं ध्रुवपद षड्जाच्या आसपास फिरतं आणि कडवं तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत चढतं. मी काळी दोनमध्ये गायलो. प्रत्येक कडव्याला नवी जागा घेतली, तार मध्यमावर मनसोक्त थांबलो. उपासना संपल्यावर कितीतरी लोकांनी हात हातात घेतले. मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी पेटीचा भाता बंद केला, पेटीवर कापड टाकलं आणि ते निघून गेले.

पुढे काही आठवड्यांनी तेच गीत पुन्हा आलं. मी उभा राहिलो. मास्तरांनी सूर दिला, तो होता खालची पांढरी सहा. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तोच सूर दिला. इतक्या खाली माझा आवाज काही चमकत नव्हता. ध्रुवपद मी जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं. आणि दुसऱ्या ओळीला माझ्या पाठीवर, छातीवर, सगळ्या बाजूंनी आवाज आला. भिंतीशी बसलेले शेतकरी गात होते. डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या गात होत्या. मला माझाच आवाज ऐकू येईना. तेव्हा मला समजलं की उत्तम शुक्रवारी हे सगळे लोक गप्प बसले होते, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

त्या दोन दिवसांत काय फरक होता? गीत तेच, माणसं तीच, गाणारा तोच. फरक होता तो पट्टीचा, आणि ती पट्टी कोणासाठी निवडली याचा. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. पुढे उभा राहणारा गायक मंडळीसाठी गात नाही, मंडळीकडून गाऊन घेतो. हे काम मैफिलीपेक्षा अवघड आहे, त्याला विद्या जास्त लागते, आणि ते शिकता येतं. तीन भागांत बोलतो. पहिला भाग: उपासनेतलं गाणं कोणाचं? दुसरा: आपल्या मातीत याचं उत्तर आधीपासून होतं का? आणि तिसरा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: रविवारी सकाळी नेमकं करायचं काय?

पहिला प्रश्न. गाणं कोणाचं?

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात या प्रश्नाला दोन उत्तरं मिळत आली आहेत. चौथ्या शतकात आशिया मायनरमधल्या लावदिकिया इथं धर्मसभा भरली. तिनं नियम केला की नेमलेल्या गायकांनीच उंच चौथऱ्यावर चढून, पुस्तकातून पाहून गावं. इतरांनी गाऊ नये. त्यामागे व्यवस्थेची काळजी असेल, शुद्धतेची असेल. पण त्याच शतकात मिलान शहरात अगदी वेगळी घटना घडली. साल 386. सम्राटाची आई युस्टिना हिला एक मंदिर आरियस पंथीयांसाठी हवं होतं. बिशप अँब्रोझ ते देईनात. लोक बिशपांबरोबर मंदिरातच रात्रंदिवस जागत बसले, मरायची तयारी ठेवून. लोकांचा धीर खचू नये म्हणून पूर्वेकडच्या मंडळ्यांच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी मिळून स्तोत्रं आणि गीतं गायला तिथं सुरुवात झाली. ऑगस्टीन त्या वेळी मिलानमध्येच होता. आपल्या आत्मकथनाच्या नवव्या भागात त्यानं हे लिहून ठेवलं आहे.

या प्रसंगाकडे जरा नीट पाहा. बाहेर शिपाई आहेत, आत घाबरलेली माणसं आहेत. अशा वेळी एका उत्तम गायकाचं गाणं ऐकून धीर येतो का? येतो, पण तो थोडा वेळ टिकतो. आपल्या स्वतःच्या गळ्यातून निघालेला, शेजाऱ्याच्या आवाजात मिसळलेला सूर मात्र माणसाला रात्रभर जागवतो. मंडळीनं गाण्याचं कारण तिथं आहे.

पुढची शतकं मी भराभर ओलांडतो. पश्चिम युरोपात उपासनेची भाषा लॅटिन राहिली आणि गाणं मुख्यतः धर्मगुरूंचं आणि गायकवृंदाचं झालं. 1524 साली मार्टिन लूथरच्या चळवळीतून आठ गीतांची एक छोटी पुस्तिका निघाली. त्यांतली चार गीतं लूथरची होती आणि लोकांच्या जर्मन भाषेत होती. 1761 साली जॉन वेस्लीनं आपल्या गीतसंग्रहाला गाण्याचे सात नियम जोडले. सगळ्यांनी गा, थकलेला असलात तरी गा. मोकळ्या गळ्यानं गा, पण दुसऱ्याचा आवाज झाकेल असं ओरडू नका. लयीत राहा, पुढे पळू नका, मागे रेंगाळू नका. आणि प्रत्येक शब्द देवाकडे लक्ष ठेवून म्हणा. असा त्या नियमांचा आशय. 1963 च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेविषयीचा दस्तऐवज मान्य केला आणि लोकांचा सहभाग पूर्ण, जाणता आणि सक्रिय असावा असं सांगितलं. आज वसईच्या चर्चमध्ये मिस्सेला मराठी गीतं घुमतात, त्यामागे हा निर्णय आहे.

म्हणजे पंथ वेगळे, देश वेगळे, शतकं वेगळी. पण मंडळीला जाग आली की पहिली गोष्ट कोणती घडते? गाणं लोकांकडे परत येतं. दर वेळी.

आता कोणी विचारील, आणि गायन मंडळातली मुलं मला नेहमी विचारतात, की मग शिकलेल्या गळ्याचं काय? सुंदर गाण्याला उपासनेत जागाच नाही का? आहे. अर्पणाच्या वेळी एकट्यानं गावं, नाताळला गायन मंडळानं चार आवाजांत गावं, लोकांनी डोळे मिटून ऐकावं. ऐकणं हीसुद्धा उपासना आहे. ऑगस्टीनलासुद्धा या प्रश्नानं छळलं होतं. शब्दांपेक्षा सुरानंच आपलं मन जास्त हलतं तेव्हा त्याला अपराधी वाटायचं. तरीही त्यानं गाण्याच्याच बाजूनं कौल दिला. माझं म्हणणं एवढंच, की एकट्यानं गायचं गाणं वेगळं आणि मंडळीचं गाणं वेगळं. मंडळीच्या गाण्यात मैफिलीचं गाणं मिसळलं की लोक नकळत श्रोते होतात. आणि एकदा श्रोता झालेला माणूस सहजी पुन्हा गात नाही.

दुसरा भाग. आपल्या मातीत याचं उत्तर होतं का?

होतं. भजनाला बसलेल्या माणसाला ते माहीत आहे. मुख्य गाणारा ओळ टाकतो, टाळकरी ती उचलतात. ओळ उचलली गेली की मुख्य गाणारा क्षणभर गप्प बसतो, पुढच्या चरणाची तयारी करतो, कोण मागे पडलं ते पाहतो. गोंधळात, पोवाड्यात झीलकरी मागे उभे राहून झील धरतात. ज्याला अक्षर येत नाही तोही तिथं पूर्ण गाणारा असतो, कारण ओळ त्याला कानानं मिळते.

गंमत म्हणजे, हीच रीत हजारो कोस दूर स्वतंत्रपणे रुजली होती. 1644-45 साली इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टरच्या सभेनं उपासनेची पद्धत ठरवून दिली. तीत म्हटलं होतं की ज्या मंडळीत पुष्कळांना वाचता येत नाही, तिथं एकानं स्तोत्राची ओळ आधी म्हणावी आणि मग सगळ्यांनी गावी. स्कॉटलंडच्या पश्चिमेला लुईस बेटावर गेलिक भाषेत आजही असं गातात. एकजण ओळ देतो आणि बाकीचे ती आपापल्या गळ्यानं, लाटेसारखी उचलतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या मंडळ्यांतही हीच रीत आहे. लुईसच्या गाण्याची ध्वनिमुद्रणं ऐकताना मला आपल्या गावच्या पारावरचं भजन आठवलं. शब्द एकही कळत नव्हता, पण कोण देतो आहे आणि कोण घेतं आहे, ते लख्ख कळत होतं.

आपल्याकडे हे ओळखणारे दोन मोठे पुरुष झाले. पहिले फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडचे, 1579 साली गोव्यात आले. 1616 साली त्यांचं ख्रिस्तपुराण रायतूर इथं छापलं गेलं. ते मराठीत आहे आणि ओवीत आहे. ओवीच का? कारण ओवी लोकांच्या कानात आणि गळ्यात आधीपासून होती. पुस्तक थोड्यांच्या हाती होतं, पण ओवी ऐकली की कोणालाही तिच्या लयीत शिरता येत होतं.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म 1861, बाप्तिस्मा 1895, निधन 1919. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. अहमदनगरला ते राहिले, शिकवलं, लिहिलं, कीर्तनं केली. त्यांच्या आधी आपल्या मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं पुष्कळ होती. प्रेमानं केलेली होती, पण त्यांत एक अडचण होती. इंग्रजी चाल आघातावर चालते, मराठी शब्द ऱ्हस्व-दीर्घावर उभा असतो. आघात पडतो नेमका ऱ्हस्वावर, दीर्घ अक्षर घाईत जातं, आणि गाणाऱ्याच्या जिभेला ठेच लागते. टिळकांनी अभंग, ओवी, लोकांच्या ओळखीच्या चाली घेतल्या. आज 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडा, पानोपानी टिळक भेटतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही भेटतात. ती गीतं म्हाताऱ्यांना पाठ का असतात? कारण ती बोलल्यासारखी गाता येतात.

या दोघांनी एकच केलं. लोकांच्या गळ्यात जे आधीच होतं तिथून त्यांनी सुरुवात केली. पुढे उभ्या राहणाऱ्या गायकालाही हेच करायचं आहे.

तर मग तिसरा भाग. रविवारी सकाळी करायचं काय? मी चार गोष्टी सांगतो: पट्टी, श्वास, शब्द आणि माघार.

पट्टी. आपण विचारतो, "तुमची पट्टी कोणती?" मंडळीच्या गाण्यात हा प्रश्नच बदला. विचारा, या गीताचा सर्वांत उंच सूर कोणता आणि सर्वांत खालचा कोणता? न शिकलेला साधारण गळा पांढरी सहापासून वरच्या पांढरी दोनपर्यंत सुखानं फिरतो. पुरुष खालच्या सप्तकात, स्त्रिया वरच्या सप्तकात. एवढंच आपलं अंगण. गीत या अंगणात बसवा, षड्ज जिथं पडेल तिथं पडू द्या. माझ्या त्या गीताचा विस्तार मध्य षड्जापासून तार मध्यमापर्यंत. काळी दोनमध्ये मी गायलो, तेव्हा पुरुषांना कडवं पेलेना आणि माझ्या सुरात सूर मिळवू पाहणाऱ्या स्त्रियांना ध्रुवपद इतकं खाली गेलं की ओठ हलले, आवाज निघाला नाही. पांढरी सहा घेतल्यावर तार मध्यम बरोबर पांढरी दोनवर आला. मास्तरांनी हा हिशेब भाषणात सांगितला नाही, बोटानं दाखवला. एखादं गीत मंद्र पंचमापासून मध्य धैवतापर्यंतच फिरत असेल, तर त्याला पांढरी चारही चालेल. म्हणून प्रत्येक गीताच्या क्रमांकाशेजारी पेन्सिलीनं त्याची पट्टी लिहून ठेवा. आणि सकाळी आठच्या उपासनेला गळा जड असतो, तेव्हा अर्धा सूर आणखी खाली या.

श्वास. लोक गायला लागतात ते तुमच्या पहिल्या शब्दानं नव्हे, त्याच्या आधीच्या श्वासानं. पेटीवर ध्रुवपदाची शेवटची ओळ वाजते आणि पहिला शब्द सुरू होतो, त्या दोहोंच्या मधे एक छोटी जागा असते. तिथं पुढच्या माणसानं दिसेल असा श्वास घ्यायचा. छाती भरते, मान किंचित वर होते, आणि तुमच्याबरोबर दोनशे माणसं श्वास घेतात. ही जागा दर वेळी सारखी ठेवा. आज लांब आलाप, उद्या दोन मात्रा, असं केलं की लोक घाबरून वाट पाहत राहतात. दोन कडव्यांमधेही ठरलेल्या मात्रा सोडा. आजींचा दम परत यायच्या आत पुढचं कडवं सुरू करणं हा अन्याय आहे. आणि डोळे उघडे ठेवा. एकट्यानं प्रार्थना करताना डोळे मिटावेत. ओळ देताना शेवटच्या बाकाकडे पाहावं.

श्वासाबरोबर लय आलीच. मोठ्या देवळात गाणं हळूहळू मंदावत जातं, हा सगळ्यांचा अनुभव आहे. त्याचं कारण भक्तीत शोधू नका, हवेत शोधा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो. शेवटचा बाक तीस मीटरवर असेल, तर तुमचा सूर तिथं सेकंदाच्या जवळजवळ दहाव्या भागानं उशिरा पोचतो. त्यांचा आवाज तुमच्याकडे परत यायला तेवढाच वेळ. तुम्ही त्यांच्यासाठी थांबता, ते तुमच्यासाठी थांबतात, आणि तिसऱ्या कडव्याला गाणं गुडघ्यावर येतं. म्हणून मागचा आवाज प्रेमानं ऐका, पण लय तबल्याबरोबर ठेवा. साधा भजनी ठेका किंवा केहरवा, लग्गी कमी, सम ठळक. मग मागचेही तुमच्याबरोबर चालतील.

शब्द. मंडळीचं गाणं ही गायलेली प्रार्थना आहे. शब्द कळला नाही, तर प्रार्थना कोणाची? श्वास अर्थ तुटेल अशा जागी घेऊ नका. 'ख्रिस्त' लांबवायचा तर 'ख्रि'वर लांबवा आणि 'स्त' सगळ्यांनी एकदम मिटवा. 'प्रभू'मध्ये 'भू'ला त्याचं दीर्घपण द्या. गीताचा क्रमांक दोनदा सांगा. ज्यांच्याकडे पुस्तक नाही, ज्यांना अंधुक दिसतं, त्यांच्यासाठी कडव्याचे पहिले दोन शब्द आधी बोला. हेच ते जुनं ओळ देणं. आणि हरकती? मुरक्या? त्या येतात हे मला माहीत आहे, मलाही येतात. पण प्रत्येक कडव्याला चाल बदलली, तर मागच्या माणसानं कोणत्या वाटेनं जायचं? चालीचा सांगाडा पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत तोच ठेवा. नवी जागा घ्यायचीच असेल, तर लोक श्वास घेतात तिथं, ओळीच्या अखेरीला घ्या. नवं गीत असेल तर उपासनेआधी दहा मिनिटं, वाद्यांशिवाय, ओळ-ओळ शिकवा, आणि पुढचे तीन-चार रविवार तेच म्हणा. गायन मंडळातली चार मुलं त्या दिवशी बाकांवर लोकांत बसवा. शेजारच्याच्या आवाजाइतका चांगला शिक्षक दुसरा नाही.

चौथी गोष्ट, माघार. ही सगळ्यांत कठीण. आज आपल्या मंडळ्यांत ध्वनिक्षेपक आले आहेत, कीबोर्ड आला आहे, गिटार आली आहे. माझा त्यांना विरोध नाही. तरुणांचा उत्साह मला प्रिय आहे. पण एक प्रश्न विचारतो. तुमच्या देवळात बाकावर बसलेल्या माणसाला गाताना शेजाऱ्याचा आवाज ऐकू येतो का? त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो का? माणसाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो दोहोंपैकी एक गोष्ट करतो: ओरडतो किंवा गप्प होतो. आपले लोक भिडस्त आहेत, ते गप्प होतात. म्हणून पहिली ओळ माईकवर नीट, स्वच्छ, पूर्ण आवाजात द्या. दुसऱ्या ओळीला एक पाऊल मागे या. लोकांनी गाणं धरलं की आणखी मागे या. अडखळले तर पुढे या, हात द्या, पुन्हा मागे. आणि शेवटचं कडवं एखाद्या रविवारी असं म्हणून पाहा: तबला थांबलेला, पेटीवर फक्त षड्ज-पंचम, माईक बंद. त्या क्षणी देवळात जे ऐकू येईल ती तुमची मंडळी. कच्ची असेल, थोडी बेसूर असेल. पण ती खरी आहे.

तुम्ही म्हणाल, पट्टी दुसऱ्याची, चाल साधी, माईकपासून लांब. मग गायकाच्या वाट्याला उरलं काय? मीही मास्तरांना हे एकदा विचारलं होतं. त्यांनी लांबलचक उत्तर दिलं नाही. "कान उरला," एवढंच म्हणाले आणि पेटी पुसायला लागले. त्यांचं बरोबर होतं. साध्या चालीत लय न सोडणं, खालच्या सुरात रंग ठेवणं, गाता गाता दोनशे गळे ऐकणं, कोणत्या बाकावर सूर थकला आहे ते ओळखणं, हे पलट्यांच्या रियाजानं येत नाही. त्यासाठी वेगळा रियाज लागतो, आणि तो माणसांतच करावा लागतो. मुलांनो, मास्तरांना तार सप्तकात काय येत होतं ते मी कधी ऐकलं नाही. पण ते पेटीवर बसले की या मंडळीत कोणी मुकं राहत नसे.

थोडक्यात सांगतो. गाणं मंडळीचं आहे. इतिहासानं ते पुन्हा पुन्हा मंडळीकडे परत दिलं आहे. ओळ देणं आणि ओळ उचलणं ही रीत आपल्या भजनात, ओवीत, टिळकांच्या गीतांत रुजलेली आहे. आणि पुढे उभ्या राहणाऱ्यानं पट्टी लोकांची घ्यावी, श्वास द्यावा, शब्द जपावा आणि वेळ आली की मागे यावं.

आणखी बोलत नाही. या विषयावरचं भाषण भाषणातच संपलं तर मास्तरांना आवडणार नाही. उत्तम शुक्रवारचं ते गीत तुम्हा सर्वांना पाठ आहे, पुस्तक उघडायची गरज नाही. माईक बंद करावा, अशी मी विनंती करतो. पेटीवर खालची पांढरी सहा धरलेली आहे. पहिली ओळ मी देतो. दुसरीपासून मी ऐकणार आहे.